वाहती नर्मदा : आईबरोबर अमरकंटकला

आमच्या आईला वाहणारी नर्मदा बघायची होती.

शहाद्याबाहेर कुणाला हे सांगितलं की प्रश्न येतोच, नर्मदा तर तुमच्या जिल्ह्यातूनच जाते ना? जाते. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून सुमारे ५४ किलोमीटर जाते आणि महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदा येते ती एवढीच. आई १९८३ ते १९८९ धडगाव तालुक्यात, अगदी नदीकाठच्या एका उपकेंद्रावर नर्स होती. काठाने रस्ता नव्हता, त्यामुळे लसीची पेटी मांडीवर घेऊन ती लाकडी होडीतून एका गावाहून दुसऱ्या गावाला जायची. रात्री अंथरुणावर पडलं की नदीचा आवाज यायचा, आणि पावसाळ्यात त्या आवाजावरून पाणी किती चढलंय ते कळायचं, असं ती सांगते. पुढे सरदार सरोवराचं पाणी मागे मागे येत गेलं. महाराष्ट्रातली ३३ गावं त्याखाली आली. आईचं उपकेंद्र, त्यासमोरचा आंबा, उतरण्याच्या पायऱ्या, सगळं गेलं. आज तिकडच्या टेकडीवर उभं राहिलं की खाली निळं, रुंद पाणी दिसतं. ते सुंदर दिसतं, पण हलत नाही. आई दोनदा जाऊन आली आणि दोन्ही वेळा गप्प परतली. "पाणी आहे, नदी नाही," एवढंच म्हणाली.

मी शाळेत भूगोल शिकवते. 'नर्मदेचा उगम अमरकंटक, लांबी १३१२ किलोमीटर, पश्चिमवाहिनी' हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल त्याला गणती नाही, पण अमरकंटक पाहिलेलं नव्हतं. आई आता ७१ वर्षांची आहे. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवसांची रजा मिळाली आणि आम्ही दोघी निघालो.

पहिला दिवस

नंदुरबारहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीने नागपूरमार्गे बिलासपूर, तिथे रात्र काढून सकाळी कटनीच्या लाइनवरची गाडी आणि पेंड्रा रोडला उतरायचं, असा आमचा मार्ग होता. बिलासपूर सोडल्यावर तासाभराने गाडी डोंगरात शिरते. भनवारटंकच्या आसपास दोन्ही बाजूंना नुसतं सालाचं जंगल लागतं. सरळसोट खोडं, वर हिरवा मांडव आणि मध्येच पानं झडलेल्या फांद्यांवर पेटलेला पळस. आई खिडकीला नाक लावून बसली होती. "आपला सातपुडा दिसतो तसाच दिसतो गं," ती म्हणाली. तो सातपुडाच आहे, हे मी तिला सांगितलं. ज्या रांगेच्या पायथ्याशी आम्ही राहतो, तिचं पूर्वेकडचं टोक म्हणजे हा मैकल डोंगर. तिला ते फार आवडलं. डब्यात समोर बसलेल्या बाईंनाही तिने ते हिंदीत समजावून सांगितलं.

गाडी वाटेत तीन तास खोळंबली आणि पेंड्रा रोडला पोहोचेपर्यंत दिवस मावळला. (स्टेशन पेंड्रा रोड, पण गाव गौरेला, जीपवाले गौरेलाच म्हणतात.) शेवटची सहा आसनी निघून गेली होती. दोन विद्यार्थी अमरकंटकला निघाले होते, त्यांच्याबरोबर एक जीप पूर्ण ठरवली आणि तासाभराचा घाट काळोखातच चढलो. वर दार उघडून पाय खाली टाकला तर थंडीने दातच वाजायला लागले. शहाद्यात पंखे सुरू झाले होते, म्हणून आम्ही एकेक स्वेटर आणि एक शाल एवढंच घेतलं होतं. ही चूक कुणी करू नका. अमरकंटकची उंची १००० मीटरहून थोडी जास्त आहे आणि फेब्रुवारी संपेपर्यंत रात्री चांगलीच थंडी असते. कानटोपी आणि पायमोजे हवेतच.

खोली फोनवरून ठरवलेली होती. तिथे गेल्यावर कळलं की आम्ही उशीर केल्याने ती दुसऱ्या कुणाला दिली गेली आहे. वाद घालायला अंगात ताकद नव्हती. जीपवाल्या मुलाने स्वतःहून बॅगा उचलल्या आणि म्हणाला, "चलिए माताजी, मैया किसी को बाहर नहीं सुलाती." त्याने आम्हाला एका आश्रमाच्या दारात नेलं. आत एक म्हातारे साधू कंदिलाशेजारी बसले होते. त्यांनी वर न बघताच विचारलं, "कितने मूरत?"

मला कळेना. आईला मात्र कळलं. नदीकाठी नोकरी करताना परकम्मावासी, म्हणजे नर्मदेची पायी परिक्रमा करणारे, तिच्या उपकेंद्राच्या ओसरीवर मुक्कामाला यायचे, तेव्हाचा हा शब्द. माणसं किती असं कुणी विचारत नाही, मूर्ती किती असं विचारतात. "दो मूरत, बाबाजी," आई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम तरुण झाल्यासारखा मला वाटला.

पानात गरम खिचडी, वर तूप आणि राखेत भाजलेलं जाड टिक्कड. घोंगड्या मिळाल्या. पैसे कुणी विचारले नाहीत. सकाळी आम्ही दानपेटीत जमेल ते टाकलं. अशा ठिकाणी राहायचं तर एवढं ध्यानात ठेवावं : आश्रमात पहिला हक्क परिक्रमावासींचा असतो. सणावारी, विशेषतः माघातल्या नर्मदा जयंतीला, इथे पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा आधी खोली पक्की करूनच यावं आणि निघण्याच्या दिवशी पुन्हा फोन करावा.

दुसरा दिवस

पहाटे साडेपाचला आईने उठवलं. बाहेर पांढरं धुकं होतं आणि धुक्यातून 'नर्मदे हर' ऐकू येत होतं. बोलणारा दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता. इथे नमस्कार, रामराम, या-बसा, निघतो, सगळ्याला हा एकच शब्द पुरतो.

उगमाचं कुंड एका तटबंदीच्या आत आहे. आत शिरलं की पांढऱ्याशुभ्र लहान लहान देवळांचा घोळका आणि मधोमध पायऱ्यांचं कुंड. पुस्तकात उगम शिकवताना माझ्या डोळ्यांसमोर कड्यातून उसळणारी धार असायची. इथे तसं काहीही नाही. शांत, हिरवट पाणी आणि त्यात देवळांची प्रतिबिंबं. झरा तळातून येतो, तो डोळ्यांना दिसत नाही. मंदिरात नर्मदेची काळी मूर्ती आहे आणि समोर अमरकंटकेश्वर महादेव. शंकराची ही लेक, म्हणून ती बापासमोर. कुंडात स्नान करू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. स्नानासाठी बाहेर खालच्या अंगाला घाट आहेत.

आवारात दगडी हत्तीची एक छोटी मूर्ती आहे. तिच्या पोटाखालून सरपटत पलीकडे जायचं. पापी माणूस अडकतो म्हणतात. आम्ही उभ्या होतो तेव्हा बालाघाटकडचं एक कुटुंब आलं होतं. नवीन लग्न झालेली सून लाजत लाजत गेली आणि अलगद निघाली. सासूबाई चांगल्या अंगाने भरलेल्या, त्या आत शिरल्या आणि खांद्यापाशी अडल्या. सगळे गप्प. मग सूनच गुडघ्यावर बसली आणि "मम्मीजी, साँस छोड़िए, अब दायाँ हाथ आगे," असं म्हणत तिने त्यांना ओढून बाहेर काढलं. सासूबाईंनी उठून आधी हत्तीला हात जोडले आणि मग सुनेला जवळ घेतलं. दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं. आमच्या आईच्या गुडघ्यांना हे जमणार नव्हतं. तिने हत्तीच्या पाठीवरून नुसता हात फिरवला.

कुंडाच्या मागे लगेचच कलचुरी राजांच्या काळातली देवळं आहेत. बरेच यात्रेकरू तिकडे वळत नाहीत याचं मला खरोखर वाईट वाटतं. तिकीट किरकोळ आहे, हिरवळ राखलेली आहे, सावली आहे. अकराव्या शतकातल्या कर्णदेवाच्या नावाचं तीन गाभाऱ्यांचं कर्ण मंदिर, पायऱ्या उतरून खाली जावं लागतं ते पातालेश्वराचं आणि मच्छिंद्रनाथांचं. कलचुरींची राजधानी त्रिपुरी, म्हणजे आजच्या जबलपूरजवळचं तेवर. तीही नर्मदेच्याच खोऱ्यात. नदी जिथे जन्मते तिथे तिच्या राजाने देऊळ बांधावं हे मला फार समजूतदारपणाचं वाटलं. मच्छिंद्रनाथांच्या देवळाच्या पायरीवर आम्ही तासभर ऊन खात बसलो. सकाळी नऊचं ऊन अंगावर घेण्यासारखं सुख त्या थंडीत दुसरं नव्हतं. बाहेरच्या टपरीवरून पोहे आणि जलेबी आणली होती. इकडे पोह्यांवर शेव आणि चिरलेला कांदा भरपूर घालतात आणि दोन्ही एकाच पानात वाढतात. जलेबीचा पाक पोह्यांना लागतो आणि तो छान लागतो.

दुपारी कुंडातून बाहेर पडणारं पाणी जिकडे जातं तिकडे निघालो. आई पुढे. मला तिचा उत्साह बघवत नव्हता, कारण नकाशा मी आधीच पाहिला होता. रामघाटावर पोहोचलो तर समोर भलंमोठं तळं. नदी छोटा बंधारा घालून अडवलेली. दोन्ही काठांना बांधीव घाट, रंगवलेल्या होड्या, मुलांची आरडाओरड. गावाला पाणी हवं, यात्रेला घाट हवा, हे मला समजतं. पण आई पायरीवर बसली आणि पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "इथंपण थांबवलीय होय?"

मला काही बोलता आलं नाही. तिचा हात धरून बसले. संध्याकाळी घाटावर आरती झाली. दिव्यांच्या ज्योती त्या स्थिर पाण्यात अगदी सरळ उतरल्या होत्या. सगळे भारावून बघत होते. आईने हात जोडले, पण ती फार बोलली नाही.

रात्री आश्रमात पाच परिक्रमावासी आले. चौघं मध्य प्रदेशातले आणि एक सांगलीकडचे निवृत्त पोस्टमन. आमचं मराठी ऐकून ते काठी टेकत आले आणि "माझी भाषा ऐकून किती दिवस झाले" म्हणत खालीच बसले. देवउठनी एकादशीनंतर ओंकारेश्वरला संकल्प केलेला. दक्षिण तटाने समुद्रापर्यंत, होडीने खाडी ओलांडून उत्तर तटाने इथवर आणि आता परत दक्षिण तट. नर्मदा कायम उजव्या हाताला. तिला कुठेही ओलांडायचं नाही. शास्त्रात सांगितलेली परिक्रमा ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवसांची. हल्ली बरेच जण एका मोसमात पूर्ण करतात. कमरेच्या पिशवीत नर्मदाजलाची छोटी कुपी होती. सकाळ-संध्याकाळ तिची पूजा आणि आरती.

त्यांचा डावा पाय बघून आईने चष्मा लावला. टाचेला मोठा फोड फुटून चिघळला होता आणि त्यावर त्यांनी हळद दाबून बांधली होती. आईने काही न विचारता तिची पेटी काढली. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, पण ती पेटी कुठेही तिच्याबरोबर असते. पाणी उकळून आणायला मला पिटाळलं. मग अर्धा तास ती कंदिलाच्या उजेडात तो पाय मांडीवर घेऊन बसली होती. "मावशी, माझा पाय तुमच्या मांडीवर नको," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. आईने त्यांना गप्प केलं.

पट्टी बांधता बांधता तिने विचारलं, "शूलपाणीच्या झाडीतनं आलात ना? धडगावकडनं?"

"हो की. बिलगावला मुक्काम होता. तिथल्या एका घरात ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ वाढली. घरात तेवढीच डाळ होती, मला दिसत होतं. मी नको म्हटलं तर त्या माणसाला राग आला."

आई हसली. ती माणसं तिला माहीत होती. हेच घर नसेल, पण अशी पुष्कळ. मग तिने हळूच विचारलं, "तिथनं मैया कशी दिसते हो?"

ते जरा थांबले. "लांब दिसते, मावशी. खाली. आवाज येत नाही तिथं."

आईने मान हलवली आणि गाठ मारली.

तिसरा दिवस

सूर्योदयाला सोनमुडा. गावापासून दीड-दोन किलोमीटरवर आहे, रिक्षा मिळतात. हा शोण नदाचा, म्हणजे सोन नदीचा उगम. एक छोटं कुंड, त्यातून निघालेली हातभर रुंद धार, ती थोडंसं अंतर चालते आणि मैकलच्या कड्यावरून सरळ खाली दरीत जाते. कठड्याशी उभं राहिलं की पूर्वेला सालाच्या जंगलाचा समुद्र दिसतो आणि त्यातून सूर्य वर येतो. माकडं फार आहेत. प्रसादाची पिशवी, चष्मा, मोबाइल सगळं आत ठेवावं. माझ्यासमोर एका काकांच्या हातातून नारळ गेला.

माझ्यातली भूगोलाची बाई इथे गप्प बसू शकली नाही. नर्मदेच्या कुंडापासून इतक्या जवळ हा दुसरा उगम, आणि याचं पाणी पूर्वेकडे उतरून सोनमार्गे पाटण्याजवळ गंगेला मिळतं, म्हणजे बंगालच्या उपसागरात जातं. नर्मदेचं पाणी पश्चिमेला भरूचजवळ खंबातच्या आखातात. एकाच पठारावर पडलेले दोन थेंब देशाच्या दोन टोकांना जातात. इथे हिमनदी नाही, बर्फ नाही. खाली आपल्या दख्खनसारखाच काळा कातळ, वर जांभ्या-बॉक्साइटचा सच्छिद्र थर आणि त्यावर सालाचं जंगल. पावसाचं पाणी हा थर स्पंजासारखा धरून ठेवतो आणि वर्षभर थोडं थोडं सोडतो. म्हणून इथलं एकेक सालाचं झाड मला देवळाइतकंच मोलाचं वाटतं. या डोंगरावर बॉक्साइटच्या खाणी चालल्या, झाडं गेली. आता हा सगळा भाग अचानकमार-अमरकंटक जीवावरण राखीव क्षेत्रात येतो. ते टिकलं तर नदी टिकेल.

लोकांची गोष्ट वेगळी आहे आणि ती चहावाल्याने सांगितली. नर्मदेचं लग्न शोणभद्राशी ठरलं होतं. त्याला न पाहिलेल्या नर्मदेने आपल्या सखीला, जोहिलाला, स्वतःचे दागिने आणि शालू नेसवून निरोप द्यायला धाडलं. शोण जोहिलेलाच नर्मदा समजला आणि तीही मोहात पडली. नर्मदेने ते पाहिलं आणि पाठ फिरवून पश्चिमेची वाट धरली. जन्मभर कुमारीच राहिली. जोहिला नदीही याच डोंगरावर, जालेश्वरापाशी उगम पावते आणि पुढे खरोखरच शोणाला जाऊन मिळते. गोष्ट रचणाऱ्यांनी नकाशा किती नीट पाहिला होता!

आई सगळं ऐकून म्हणाली, "रागावली म्हणून आपल्याकडे आली. नाहीतर आपल्याला कुठली नर्मदा?"

परतताना माई की बगियात थांबलो. आमराई आणि फुलझाडांची गर्द राई आहे. नर्मदा लहानपणी इथे खेळायची म्हणतात. परिक्रमावासी उत्तर तटावरून दक्षिण तटावर वळतात ते इथूनच, उगमाच्या पाठीमागून. आमचे पोस्टमन नवी पट्टी बांधलेल्या पायाने तिथेच भेटले. त्यांनी बागेला वळसा घातला, थांबून हात जोडले आणि म्हणाले, "आता घराकडे तोंड झालं." इथे गुलबकावलीची झुडपं आहेत. तिचा बहर पावसाळ्याचा, आम्हाला नुसती पानं दिसली. गावात तिच्या अर्काच्या बाटल्या डोळ्यांसाठी विकतात. आईचं मत तिने दुकानदारासमोरच सांगितलं : हुंगा, घरी ठेवा, पण डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोळ्यात घालू नका.

जेवण एका घरगुती खानावळीत झालं. कोद्र्याचा भात, तुरीची पातळ डाळ, टोमॅटोची लसणीची चटणी. वाढणाऱ्या गोंड बाईंनी भात कसा शिजवायचा ते आईला सांगितलं. पाणी बेताचं घालायचं, मध्ये ढवळायचं नाही आणि उतरवल्यावर झाकून तसाच ठेवायचा. आईने दोन किलो कोद्रा विकत घेतला आणि तो माझ्याच बॅगेत आला.

मग कपिलधारा. गावाबाहेर पाच-सहा किलोमीटर. रिक्षावाल्याशी सोनमुडा, बगिया, कपिलधारा, दूधधारा असा दिवसाचा हिशेब एकदम ठरवला तर बरं पडतं. आम्ही ९०० रुपये दिले. रिक्षा थांबते तिथून काही अंतर चालावं लागतं. दोन्ही बाजूंना जडीबुटी, मुंगाच्या डाळीची गरम भजी आणि रुद्राक्ष विकणारे बसलेले असतात. मी आईचा हात धरून चालत होते. मनात धास्ती होती. फेब्रुवारी संपत आलेला, धबधबा आटून नुसता ओला दगड असला तर?

वळणावर आई थांबली. "थांब," म्हणाली. "ऐक."

मला आधी काही ऐकू आलं नाही. माणसांचा गलका होता. मग तो जरा कमी झाला आणि खालून, झाडांच्या मागून, सलग असा एक आवाज आला.

कपिलधारेला नर्मदा पहिल्यांदा उडी घेते, साधारण शंभर फुटांची. पावसाळ्यात ती रुंद असते, फोटो सगळे तेव्हाचेच असतात. आम्ही पाहिली ती दोन-तीन धारांची, बारीक, पण पडताना वाऱ्याने हलणारी, खालच्या खडकावर फुटणारी. वरच्या कठड्यावरूनच लोक फोटो काढून परत फिरतात. तसं करू नका. खाली उतरायला पायऱ्या आणि वाट आहे, आणि पुढे किलोमीटरभरावर दूधधारा आहे. तिची उंची फार नाही, पण तिथे पाण्याजवळ जाता येतं. आईच्या गुडघ्यांची मला काळजी होती. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. काठी टेकत, एकेक पायरी, मध्ये तीनदा बसत ती उतरली. वर चढून जाणाऱ्या एका मुलीने स्वतःची काठी तिला दुसऱ्या हातात दिली आणि "नर्मदे हर, दादी" म्हणून गेली.

दूधधारेच्या खाली पाणी गुडघ्याच्याही खाली होतं. गार, अगदी काचेसारखं. तळाचे गोटे दिसत होते. आईने साडी वर खोचली आणि सरळ आत उभी राहिली. पाणी तिच्या पायांना वळसा घालून पुढे जात होतं आणि पायांच्या मागे छोटे भोवरे होत होते. ती खाली बघत होती. मी काठावर बसले होते. बराच वेळ गेला. रिक्षावाल्याचा फोन आला, मी तो बंद केला.

मग ती बोलायला लागली. माझ्याशीच बोलत होती असं नाही. होडी चालवायचा तो माणूस प्रवाह तिरपा कापायचा, कारण सरळ गेलं तर नदी खाली ओढून नेते. एकदा ऐन भादव्यात एका अडलेल्या बाईला घेऊन रात्री होडीतून यावं लागलं. पाणी होडीच्या कडेला धडका देत होतं आणि मूल तिथेच, होडीत झालं. पोरगी झाली. तिचं नाव त्यांनी रेवा ठेवलं. ही गोष्ट मला माहीत नव्हती. एवढ्या वर्षांत आईने ती कधी सांगितली नव्हती.

"ती आता कुठे असेल?" मी विचारलं.

"त्या घराला जमीन मिळाली शहाद्याकडे, वसाहतीत. त्यापुढचं मला माहीत नाही." तिने वाकून ओंजळ भरली, डोळ्यांना लावली. "पाणी तेच आहे गं. चव तीच आहे."

कुंडाचं पाणी भरून न्यायला आम्ही तांब्याचा गडू आणला होता. आईने तो इथे भरला.

चौथा दिवस

निघायच्या दिवशी कबीर चबुतरा पाहिला. जंगलात, अगदी शांत जागा. कबीरांनी इथे साधना केली असं मानतात. एक छोटा झरा, एक सावलीचं झाड आणि पांढऱ्या कपड्यातले दोन कबीरपंथी. त्यांनी आम्हाला काही सांगितलं नाही आणि काही मागितलंही नाही. तिथे नुसतं बसावं. आम्ही वीस मिनिटं बसलो. वेळ काढून यावं असं हे ठिकाण आहे, गाडीतून उतरून लगेच परत चढायचं असेल तर येऊ नये.

जीपमध्ये घाट उतरताना आईने विचारलं, "काल मी उभी होते ते पाणी आपल्याकडे किती दिवसांत पोहोचेल?"

मी हिशेब करायला लागले. दिंडोरी, मंडला. मग बरगीचं धरण. तिथून सुटलं तर जबलपूर, नर्मदापुरम (पूर्वीचं होशंगाबाद), पुढे इंदिरा सागर, ओंकारेश्वर ही धरणं. प्रत्येक ठिकाणी किती दिवस थांबेल ते मला सांगता येईना. तसं मी तिला सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. पळस अजून पेटलेला होता.

घरी येऊन नऊ दिवस झाले तेव्हा सांगलीच्या त्या काकांचा फोन आला. दिंडोरीच्या जवळून बोलत होते. (आपल्या नाशिककडचं नव्हे, तिकडचं दिंडोरी.) पाय भरला, आता पट्टीसुद्धा लागत नाही, हे त्यांना मावशींना सांगायचं होतं. आईने फोन माझ्या हातातून घेतला. टाच कोरडी ठेवा, मोजे रोज धुवा, असं सगळं सांगून झालं. मग जरा थांबून विचारलं,

"आता कुठे बसलात?"

"काठावरच आहे, मावशी. इथं चांगली रुंद झालीय मैया."

"वाहतेय ना?"

"वाहतेय की. थांबा, ऐकवतो."

आईने फोन कानाशी घट्ट धरला आणि मला हाताने गप्प बसायची खूण केली.